जिभेखाली

गोळी मी खलात कुटते,
पांढरी भुकटी, नखावर मावेल एवढी.
तिदमे साडेआठला येतो, अंबडच्या जनरल शिफ्टआधी,
हेल्मेट काखेत, बोटांवर वेल्डिंगचे ठिपके.
जीभ उचलतो. मी पूड टाकते. घड्याळ बघते.
विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही.
डिसेंबर आहे, नाशिकची थंडी,
रांगेतल्या सगळ्यांच्या तोंडातून वाफ,
याच्या ओठांना कुलूप.

सहा मिनिटं.
तेवढ्यात त्याच्याविषयी सगळे बोलून घेतात.

वॉर्डबॉय गमे फरशी पुसता पुसता म्हणतो,
बाहेरची पुडी सुटली, आता सरकारी पुडी लागली.
त्याची सासू एकदा इथवर आली होती, म्हणाली,
मनात असतं तर माणूस एका दिवसात सोडतो,
आमच्या ह्यांनी मशेरी सोडली ती सोडलीच.
चुलते तर म्हणे अजून विचारतात,
कोर्स कधी संपणार?
जसा तापाचा असतो, पाच दिवसांचा.

चुलत्यांनीच त्याला दिंडोरी रोडच्या पुढे
एका केंद्रात ठेवलं होतं,
नव्वद दिवस. गार पाणी, प्रार्थना, खिडकीला साखळी.
एक्क्याण्णवाव्या दिवशी पेढे वाटले.
त्र्याण्णवाव्या दिवशी तो नासर्डीच्या पुलाखाली सापडला,
ओठ निळे.
शरीर माप विसरलं होतं,
हात विसरला नव्हता.

हे मी सांगते. लोक ‘अरेरे’ म्हणतात
आणि पेढ्यांचंच लक्षात ठेवतात.

मागच्या मंगळवारी मला सातपूरला पाठवलं,
समाजमंदिरात, जनजागृतीला.
प्रोजेक्टर चालला नाही.
सतरा बायका, दोन म्हातारे,
चिवड्याच्या पाकिटासाठी आलेली पोरं.
मी म्हटलं, शुगरची गोळी रोज घेता ना?
बीपीची? मग तिला कुणी व्यसन म्हणतं?
ह्या औषधानं तार लागत नाही हो,
फक्त अंग मोडून येत नाही, नाक गळत नाही,
दुपारी तीनला पोटात मांजर ओरबाडत नाही,
माणूस कामावर जातो, डबा खातो, भांडतोसुद्धा घरी.
माना हलत होत्या. मला वाटलं, जमलं.

मग मागून एक, निळ्या छापील साडीतली,
“ताई, तुमच्या पोरीला कराल का असा नवरा?”

उत्तर तक्त्यावर नव्हतं.
मला माझं पहिलं वर्ष आठवलं,
पर्स कपाटात, किल्ली कमरेला,
आणि रात्री फोनवर आईला,
“आज चाळीस गर्दुल्ले आले गं.”
चाळीस. नावं रजिस्टरात होती,
माझ्याच अक्षरात.

मी म्हटलं, माहीत नाही.
एवढंच म्हटलं. हशा झाला थोडा.
चिवडा वाटून झाला.

खुर्च्या रचताना तीच परत आली.
“उघडतं किती वाजता?”
कुणासाठी, विचारलं तर म्हणे, असंच.
मी पाकिटाच्या मागे लिहून दिलं,
साडेआठ, जुनी इमारत, मागचा जिना.
तिनं पाकीट चार घड्या करून
ब्लाउजात खुपसलं.

आज पुन्हा मंगळवार.
बाहेरच्या बाकावर निळी साडी नाही.
मी दोनदा बघितलं, उगाच.

सहा मिनिटं झाली.
तोंड उघड. जीभ वर.
काही नाही तिथे. ओली, गुलाबी जागा फक्त,
कुणाच्याही जिभेखाली असते तशी.

तिदमे सही करतो. चारशे अकरावी.
पेन परत देतो आणि पहिल्यांदा बोलतो आजचं,
“सिस्टर, शुक्रवारी पोराचं गॅदरिंग आहे सकाळी.
झाड झालाय तो.
एक दिवसाची घरी न्यायला मिळेल का?”

वर विचारावं लागेल, मी म्हणते.
वर काय म्हणतील मला ठाऊक आहे,
पण ह्यावेळी लेखी विचारणार आहे.

तो हेल्मेट चढवतो.
“झाडाला डायलॉग नाहीये काही,” जिन्यावरून सांगतो,
“नुसतं उभं राहायचंय.”